गिटारचं कॅबिनेट मोठं का झालं, आणि मोठंच का राहिलं

गिटारसाठी मोठं स्पीकर कॅबिनेट घ्यावं की लहान, हा वाद वाजवणाऱ्यांमध्ये कधी संपत नाही. एकजण म्हणतो, चार स्पीकरच्या खोक्यासमोर उभं राहिल्याशिवाय गिटारचा आवाज काय असतो ते कळतच नाही. दुसरा म्हणतो, एका स्पीकरचं खोकं रिक्षात टाकता येतं, समोर माइक लावला की काम झालं. तुम्ही गिटार वाजवत असाल तर तुमचंही यावर ठाम मत असेल. वाजवत नसाल तरी वाचा, कारण आज मला गिटारविषयी थोडं आणि 'कारण' या गोष्टीविषयी जास्त बोलायचं आहे.

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की आपण पहिला प्रश्न साधारण असा मांडतो: 'अमुक गोष्ट अशी का आहे?' प्रश्न सरळ दिसतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न असतात. ती गोष्ट मुळात अशी का झाली, हा एक. झाल्यावर ती तशीच का टिकली, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं आपण न बोलता गृहीत धरतो आणि पुढे सगळी मांडणी त्यावर उभी राहते. गाईडनी किंवा मुलाखतीतल्या एखाद्या परीक्षकांनी नेमकं तिथे बोट ठेवलं की मग पळापळ होते. हे दोन प्रश्न वेगळे कसे करायचे, ते गिटारच्या कॅबिनेटच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं. म्हणून हे उदाहरण.

आधी थोडं खोक्याबद्दल

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज दोन वस्तू मिळून काढतात. एक ॲम्प्लिफायर, जो तारांचा क्षीण विद्युत संकेत वाढवतो. दुसरं कॅबिनेट, म्हणजे लाकडी खोकं आणि त्यात बसवलेले स्पीकर. दोन्ही एकाच खोक्यात असतील तर त्याला कॉम्बो म्हणतात. ॲम्प वेगळा असेल तर त्याला हेड म्हणतात आणि ते कॅबिनेटवर ठेवतात. गिटारचा स्पीकर बहुतेक वेळा १२ इंची असतो. असे चार स्पीकर असलेलं खोकं म्हणजे 'फोर बाय ट्वेल्व्ह'. मी त्याला सोपं 'चार-बारा' म्हणणार आहे.

पुढचं समजायला तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट झाले की फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. दुसरी, व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच्या कुवतीच्या टोकाला नेला की आवाज फाटायला लागतो, आणि रॉकमधल्या गिटारवाल्यांना नेमका तोच फाटका आवाज आवडतो. तिसरी, खोक्याची पाठ उघडी असेल तर आवाज मागेही पसरतो आणि खालचे स्वर थोडे विरतात. पाठ बंद असेल तर आवाज पुढे जातो आणि खालचे स्वर घट्ट लागतात.

पहिलं कारण: स्पीकरची कुवत

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल नावाचा भाग आहे. १९६० मध्ये जिम मार्शल या ड्रमवादकाने आणि ड्रमशिक्षकाने तिथे वाद्यांचं दुकान काढलं. दुकानात तरुण गिटारवादकांचा राबता असायचा. त्यांना अमेरिकन फेंडर कंपनीच्या ॲम्पसारखा आवाज हवा होता, पण इंग्लंडमध्ये तो माल महाग पडायचा. १९६२ मध्ये मार्शल, केन ब्रान आणि डडली क्रेवन यांनी दुकानातच जेटीएम-४५ हा ॲम्प तयार केला. त्याचं सर्किट फेंडरच्या बासमन या ॲम्पवर बेतलेलं होतं.

आता दोन्हींची खोकी शेजारी ठेवून बघा. बासमन हा १० इंची चार स्पीकरचा, उघड्या पाठीचा कॉम्बो. मार्शलचं कॅबिनेट मात्र वेगळं, बंद पाठीचं आणि १२ इंची चार स्पीकरचं. सर्किट जवळपास तेच असताना खोकं का बदललं?

यातला एक भाग साध्या बेरजेत सापडतो. मार्शल सेलेस्टियन या इंग्लिश कंपनीचे स्पीकर वापरायचे. त्या काळात असा एक स्पीकर जेमतेम १५ ते २० वॉट सहन करायचा. ॲम्प साधारण ३० ते ४५ वॉटचा. दोन स्पीकर लावले तर ते कायम टोकावर चालणार, आणि वाजवणारा ॲम्पला फाटेपर्यंत ढकलणार हे तर ठरलेलंच. म्हणजे स्पीकर जळणार. चार लावले की भार वाटला जातो. चार-बाराच्या जन्मामागे अशी घरगुती काटकसर आहे. एकच दणकट स्पीकर हाताशी नव्हता, म्हणून चार साधे स्पीकर एकत्र बांधले.

यात कुठेही 'रॉकची ताकद' किंवा 'बंडखोरी' नाही, हे लक्षात ठेवा. पुढे ते येणार आहे, पण इथे नाही.

दुसरं कारण: आवाज लोकांपर्यंत नेणार कोण?

१९६५ च्या आसपास दुसरी गरज उभी राहिली. आज कार्यक्रमात गिटारच्या खोक्यासमोर माइक असतो, तो आवाज मिक्सरवर जातो आणि तिथून सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवर. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाणारा आवाज साउंडवाला पाठवतो. तेव्हा असं नव्हतं. साउंड सिस्टिम असायची, पण ती मुख्यतः गायकाच्या आवाजापुरती आणि तीही अशक्त. गिटारचा जो आवाज लोकांपर्यंत जाईल तो थेट मंचावरच्या खोक्यातून. श्रोते वाढले की खोकं वाढणार, दुसरा मार्गच नव्हता.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण १५ ऑगस्ट १९६५ चं. न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम होता आणि समोर ५५ हजारांहून जास्त माणसं. गिटारसाठी व्हॉक्स कंपनीचे १०० वॉटचे ॲम्प, आणि गाण्यासाठी स्टेडियमचीच, घोषणांसाठी बसवलेली व्यवस्था. श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे हे सगळं कुठच्या कुठे बुडालं. मंचावरच्या चौघांना स्वतःचंच वाजवणं नीट ऐकू येत नव्हतं.

त्याच वर्षी लंडनमध्ये 'द हू' या बँडचे पीट टाउनशेंड आणि जॉन एंटव्हिसल मार्शलकडे आणखी मोठा आवाज मागत होते. मार्शलने १०० वॉटचा ॲम्प केला. आता स्पीकरची बेरीज पुन्हा मांडावी लागली, आणि टाउनशेंडने एकाच खोक्यात आठ स्पीकर मागितले. मार्शल नंतर सांगायचे की, हे उचलणाऱ्यांचे हाल होतील असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. काही आठवड्यांत टाउनशेंड परत आला आणि खोकं मधोमध कापून द्या म्हणाला. ते तसं कापता येण्यासारखं नव्हतं. मग मार्शलने दोन चार-बारा केली, एक खाली आणि एक वर. यालाच पुढे 'मार्शल स्टॅक' म्हणायला लागले.

आजच्या मार्शलच्या एका चार-बाराचं वजन साधारण ३६ किलो असतं. दोन खोकी आणि वर हेड. हे रोज रात्री गाडीतून काढायचं, जिना चढवायचं, कार्यक्रम झाला की पुन्हा भरायचं. स्टॅक दोन खोक्यांचा आहे याला कारण आवाज नाही, माणसाची पाठ आहे. इतिहासात अशी कारणं सहसा नोंदवली जात नाहीत, कारण उचलणारे मुलाखती देत नाहीत.

ही गोष्ट कितपत धरायची?

इथे थांबून तुम्ही एक शंका घ्यायला हवी. आठ स्पीकरच्या खोक्याची गोष्ट आपल्याला कळते ती मुख्यतः जिम मार्शलच्या तोंडून. ते २०१२ मध्ये वारले, आणि तोवर अनेक मुलाखतींमध्ये त्यांनी ती सांगितली. गोष्ट रंगतदार आहे, शेवट मजेशीर आहे, आणि सांगणारा त्यात शहाणा ठरतो. मौखिक साधनांत अशी गोष्ट आली की कान टवकारायचे. गोष्ट खोटी असेलच असं नाही. पण वारंवार सांगून गोष्टीला गुळगुळीतपणा येतो.

मग करायचं काय? गोष्टीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. आठ स्पीकरचं अखंड खोकं होतं का? होतं. त्या काळातल्या 'द हू'च्या छायाचित्रांत ते दिसतं. ते टिकलं का? नाही, पुढे सगळीकडे दोन चार-बाराच दिसतात. वजनाची अडचण पटण्यासारखी आहे का? लाकूड आणि आठ स्पीकरचे चुंबक यांचा अंदाज केला तरी पटते. राहिला तो संवाद: कोण काय म्हणालं, कोणाला आधीच कळलं होतं. तो तपासायला आपल्याकडे काही नाही. तो 'मार्शल यांच्या सांगण्यानुसार' असा लिहायचा आणि त्यावर काही उभं करायचं नाही. वर मीही तो तसाच लिहिला आहे, परत जाऊन बघा.

कारण गेलं, खोकं राहिलं

आता खरी गंमत. ज्या अडचणीतून स्टॅक जन्मला ती अडचण फार लवकर सुटायला लागली. १९६७ मध्ये विंडसरच्या जॅझ अँड ब्लूज महोत्सवात चार्ली वॉटकिन्स यांच्या डब्ल्यूईएम कंपनीने १००० वॉटची साउंड सिस्टिम उभी केली. १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकला बिल हॅन्ली यांनी लाखोंच्या गर्दीसाठी ध्वनिव्यवस्था केली. याच सुमारास मंचावरच्या वाद्यांनाही माइक लागायला लागले. गिटारचा आवाज लोकांपर्यंत नेण्याचं काम हळूहळू खोक्याच्या हातातून निघून साउंडवाल्याकडे गेलं.

पण वुडस्टॉकमध्येच जिमी हेंड्रिक्सच्या मागे मार्शलचे स्टॅक उभे होते. जन्माचं कारण ओसरत असताना वस्तू ऐन भरात होती.

स्टुडिओत तर मोठ्या खोक्याची गरज कधी फारशी नव्हतीच. एरिक क्लॅप्टन 'क्रीम' या बँडसोबत मंचावर मार्शलचे स्टॅक वाजवायचा. तोच क्लॅप्टन १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत 'लैला' अल्बम ध्वनिमुद्रित करताना फेंडर चॅम्पसारख्या छोट्या ॲम्पकडे वळला. चॅम्प म्हणजे जेमतेम ५ वॉट आणि एकच ८ इंची स्पीकर. वर सांगितलेली दुसरी गोष्ट आठवा: व्हॉल्व्ह ॲम्प टोकाला नेला की हवा तो फाटका आवाज मिळतो. १०० वॉटचं टोक गाठायचं तर खोलीत थांबवत नाही. ५ वॉटचं टोक आरामात गाठता येतं, आणि माइकला खोक्याचा आकार दिसत नाही.

वाजवणारा एकच, पण खोकी दोन. 'मोठं चांगलं की लहान' हा प्रश्नच इथे गळून पडतो. मंचावर खोक्याला हजारो माणसांपर्यंत पोचायचं होतं, स्टुडिओत एका माइकपर्यंत.

आणि स्पीकरच्या कुवतीचं काय? तेही सुटलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ या कारागिराने फेंडर प्रिन्स्टनच्या लहानशा खोक्यात बासमनच्या धर्तीचं दमदार सर्किट आणि जेबीएलचा एकच १२ इंची दणकट स्पीकर कोंबला. कार्लोस सांताना यांनी तो वाजवून बघितला आणि या छोट्या खोक्याची वाखाणणी करताना जो शब्द वापरला, त्यावरून त्याला 'बूगी' नाव पडलं. मेसा बूगी ही कंपनी त्यातून उभी राहिली. म्हणजे एका स्पीकरच्या खोक्यातून मोठा आवाज निघू शकतो हे १९७० च्या आसपासच सिद्ध झालं होतं.

दोन्ही मूळ कारणं गेली. तरी चार-बारा आणि स्टॅक आजही मंचावर आहेत. मग टिकण्याची कारणं वेगळी शोधावी लागतात, आणि ती मिळतात.

एक, चार स्पीकर आणि बंद पाठ यांचा स्वतःचा असा आवाज आहे. खालचे स्वर छातीवर आदळतात. ती मुळात तडजोड होती, पण दरम्यान त्या तडजोडीचीच लोकांना आवड लागली. दोन, वरचं खोकं वाजवणाऱ्याच्या कानाच्या उंचीला येतं, आणि स्पीकरचा आवाज गिटारच्या तारांना पुन्हा थरथरवतो. हेंड्रिक्ससारख्यांनी या फीडबॅकचं वाद्य करून टाकलं. तीन, चित्र. काळ्या खोक्यांची भिंत म्हणजे रॉक, हे समीकरण डोळ्यांत इतकं बसलं की अनेक बँड मंचावर रिकामी खोकीही मांडतात. माइक एका खोक्यातल्या एका स्पीकरसमोर असतो, बाकी सगळं देखावा. आपल्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीशी याची तुलना करायचा मोह होईल. पण जपून. तिथली भिंत हीच साउंड सिस्टिम असते, तिचा प्रत्येक स्पीकर वाजतो. दिसायला सारख्या दोन गोष्टी वेगळी कामं करत असू शकतात.

उलट बाजूने तपासणी

आपलं म्हणणं असं झालं: लोकांपर्यंत आवाज नेण्याचं काम ज्याच्याकडे असतं, त्याचा आकार वाढतो. कोणतंही म्हणणं मांडलं की ते कुठे मोडू शकेल ते शोधायचं. समजा, कुणी हे काम साउंडवाल्याकडून काढून पुन्हा मंचाकडे दिलं, तर काय होईल? आपलं म्हणणं बरोबर असेल तर मंचावरची खोकी पुन्हा वाढायला हवीत.

हे खरंच घडलं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या 'ग्रेटफुल डेड' या बँडने वेगळी साउंड सिस्टिमच काढून टाकली. प्रत्येक वाद्याचे स्वतःचे स्पीकर, सगळे वाजवणाऱ्यांच्या मागे. जे वादकाला ऐकू येतं तेच श्रोत्याला. याला 'वॉल ऑफ साउंड' म्हणतात. त्यात सुमारे ६०० स्पीकर होते आणि सगळा पसारा सुमारे ७५ टनांचा. एक रचना उभी असताना दुसऱ्या गावात पुढची रचना उभारणं सुरू, असा कारभार. आवाज अतिशय स्वच्छ होता असं ऐकणारे सांगतात. पण खर्च आणि माणसांची दमछाक पेलली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडने दौरे थांबवले आणि नंतर ही व्यवस्था पुन्हा वापरली नाही.

म्हणजे आपलं म्हणणं या तपासणीत टिकलं. शिवाय एक नवी गोष्ट कळली. आकार किती वाढेल याची हद्द वजनाने आणि पैशाने ठरली. टाउनशेंडच्या आठ स्पीकरच्या खोक्यालाही त्याच हद्दीने कापलं होतं.

आणि कान?

एवढ्या आवाजाची किंमत कोणीतरी मोजली असणारच. पीट टाउनशेंडच्या कानांचं नुकसान झालं हे सर्वश्रुत आहे. 'द हू'चं नाव त्या काळात गिनेस बुकात सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून होतं: १९७६, लंडनचं चार्ल्टन मैदान, स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल. गोष्ट जुळवायला किती सोपी! स्टॅक त्याने मागवला, स्टॅकनेच त्याचे कान घेतले.

पण २००६ च्या सुमारास खुद्द टाउनशेंडने जाहीरपणे लिहिलं की आपलं नुकसान मंचावरच्या आवाजाने नाही, स्टुडिओत कानाला लावलेल्या हेडफोनने झालं, आणि तरुणांना त्याने सावध केलं. म्हणजे त्याच्या मते दोष सगळ्यात लहान स्पीकरचा. हे अंतिम सत्य मानायचं का? नाही. वर्षानुवर्षं दोन्ही आवाज झेललेल्या माणसाला नेमका कोणता आवाज बाधला, हे त्याला स्वतःलाही वेगळं करून सांगता येणं कठीण आहे. पण एवढं मात्र ठरतं की 'मोठं खोकं, म्हणून मोठं नुकसान' ही मांडणी पुराव्याशिवाय करता येणार नाही. कानात काय आणि किती वेळ जातं, हे खोक्याच्या आकारावरून कळत नाही. आज रात्री हेडफोन लावून अभ्यासाला बसणाऱ्यांनी हे फक्त उदाहरण म्हणून वाचू नये.

तुमच्या प्रस्तावासाठी

विषय कुठलाही असो, सहकारी बँक, शाळेचा गणवेश, एखादा कायदा किंवा एखादी पीकपद्धत, प्रश्न लिहून झाला की त्याला हे चार प्रश्न विचारून बघा. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा तिच्यावर कोणतं काम होतं? ते काम नंतर दुसऱ्या कुणाकडे गेलं का, आणि कधी? गेलं असेल तर ती आता कशामुळे टिकून आहे? आणि तिचा भार कोण उचलतं, ज्याचं म्हणणं तुमच्या साधनांमध्ये नाही? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः तेच येत असेल तर पुन्हा एकदा साधनांकडे जा. कधी कधी ते खरंच एक असतं, पण ते दाखवावं लागतं.

सरावासाठी एक गोष्ट देतो. जत्रेत, लग्नाच्या मांडवात किंवा टूरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर लावलेला कर्णा तुम्ही पाहिला असेल. कर्ण्याचा आकार असा असतो की थोड्या वॉटमध्ये आवाज लांब जातो, जिथे ॲम्प अशक्त तिथे तो सोयीचा. आता ॲम्प अशक्त राहिलेले नाहीत. मग जिथे कर्णा अजून आहे तिथे तो का आहे? आपल्या तालुक्यातलं एक ठिकाण निवडा, मांडववाल्याशी बोला, आणि दोन पानं लिहून काढा. जन्माचं कारण एका पानावर, टिकण्याचं दुसऱ्या.

आणि कॅबिनेट कुठलं घ्यायचं? घरी वाजवणार किंवा माइक लावून वाजवणार असाल तर एका स्पीकरचं घ्या. माइक नसलेल्या हॉलमध्ये मोठ्या आवाजाच्या ड्रमसोबत वाजवणार असाल तर मोठं. आणि मोठं घेणार असाल तर जिना कोण चढवणार, तेही आधीच ठरवा.